शाळेतले खाडे कमी करणारे कार्यक्रम: उपयोग झाला का, हे कसं तपासायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांत हजेरी वाढवण्यासाठी धडपडणाऱ्यांसाठी आहे: मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणणारे शिक्षक-स्वयंसेवक), संस्थांचे कार्यकर्ते आणि या कामाला पैसा देणारे. कार्यक्रम कसा चालवायचा ते इथे नाही. चालवलेल्या कार्यक्रमामुळे खाडे कमी झाले का, हे कसं ओळखायचं एवढंच आहे. बैठकांत प्रश्न ज्या क्रमाने येतात, जवळपास त्याच क्रमाने घेतले आहेत.

आमच्या शाळेची हजेरी ६८ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेली. आणखी काय सिद्ध करायचं?

हजेरी वाढली हे मान्य. ती तुमच्यामुळे वाढली का, हा प्रश्न अजून तसाच आहे.

आपल्याकडे हजेरी कुणी काही न करताही वर-खाली होते. शहरात जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, गड्डा, म्हणजे तिची जत्रा, भरतो आणि वर्ग ओस पडतात. पंढरपूर भागात आषाढी-कार्तिकीला तीच गत. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की बाकं रिकामी होतात. मार्च-एप्रिलमध्ये ऊन आणि लग्नसराई आहेच. गड्ड्याच्या आठवड्यात सुरू केलेला कोणताही उपक्रम फेब्रुवारीत यशस्वी दिसतो, मग तो उपक्रम भिंतीवर घोषणा रंगवण्याचा का असेना.

दुसरा घोळ यापेक्षा छुपा आहे. बहुतेक कार्यक्रम 'सर्वांत जास्त खाडे असलेली मुलं' निवडून सुरू होतात. समजा, ऑगस्टचा हजेरीपट पाहून अशा तीस मुलांची यादी केली. त्यातली काही कायमची अनियमित असतात, पण काहींचा तो महिनाच वाईट गेलेला असतो: कुणाला ताप, कुणाच्या घरी मयत, कुणी आईबरोबर आजोळी गेलेला. ही दुसऱ्या प्रकारची मुलं सप्टेंबरमध्ये न बोलावताही परत येतात आणि श्रेय गृहभेटींच्या खात्यावर जमा होतं. ज्यांची निवडच वाईट महिन्यावरून झाली, त्यांचा पुढचा महिना थोडा बरा जाणारच.

म्हणून खरा प्रश्न 'आधी किती, नंतर किती' हा नाहीच. कार्यक्रम झाला नसता तर याच मुलांची हजेरी किती राहिली असती, हे शोधायचं असतं. ते डोळ्यांनी दिसत नाही. या पानावरचा बाकीचा खटाटोप त्याचा प्रामाणिक अंदाज बांधण्यासाठी आहे.

मोजायचं काय? पट, सरासरी हजेरी की शाळाबाह्य मुलांची संख्या?

पट तर अजिबात नको. नाव दाखल होणं हा प्रश्न आपल्याकडे बराचसा सुटला आहे. नाव आहे पण मूल नाही, हा उरला आहे. 'असर' या शिक्षणाच्या स्थितीवरच्या अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी प्राथमिक शाळांत भेटीच्या दिवशी पटावरच्या मुलांपैकी सुमारे ७६ टक्केच वर्गात होती.

शाळाबाह्य मुलांची संख्या हवी, पण तेवढ्याने भागत नाही. महिनाभर सलग न आलेलं मूल त्या गणतीत येतं. आठवड्यातून दोन दिवस घरी राहणारी मुलगी कधीच येत नाही, आणि तिचं वर्ष मात्र तितकंच वाया जातं.

सरासरी हजेरीही फसवते. चाळीस मुलांच्या वर्गाची हजेरी ८० टक्के आहे म्हणजे नेमकं काय? प्रत्येक मूल पाच दिवसांत एकदा घरी राहतं, असं असू शकतं. किंवा बत्तीस मुलं रोज येतात आणि आठ मुलं उगवतच नाहीत, असंही असू शकतं. टक्का एकच, दुखणी दोन.

माझं मत विचाराल तर मुख्य आकडा हा ठेवा: कामाच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर असलेली मुलं किती? इंग्लंड-अमेरिकेत हीच रेषा वापरतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवले आहेत. म्हणजे आपली रेषा २० आणि २२ खाड्यांवर येते. त्याच्या जोडीला मुलगे-मुली, इयत्ता आणि माध्यम अशी फोड करा. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या. सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढला तर त्यातून काहीच कळत नाही.

हजेरीपटावर विश्वास ठेवायचा का?

ठेवा, पण ताडून पाहा.

हजेरीपट भरणाऱ्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सकाळी हजेरी घेतली, तेव्हा एकतीस मुलं होती. दहा मिनिटांनी आणखी दोन आली, त्यांची नावं लावली. पोषण आहाराचा हिशेब या आकड्याला बांधलेला, ऑनलाइन माहिती याच आकड्याची जाते, केंद्रप्रमुख आले की पहिल्यांदा हाच आकडा विचारतात. मधल्या सुट्टीत खिचडी झाली आणि सहा मुलं घरी पसार झाली, तर त्यांच्यासाठी हजेरीपटात जागाच नाही. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. कागद सकाळपुरताच बनवलेला आहे.

उपाय साधा आहे. आधी न कळवता, आठवड्याचा वार बदलत, मधल्या सुट्टीनंतर वर्गात जाऊन डोकी मोजायची आणि त्याच दिवसाच्या हजेरीपटाशी जुळवायची. प्रत्येक शाळेत महिन्याला दोनदा झालं तरी पुरे. मोजणारा माणूस कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेचा नको. उर्दू माध्यमाच्या शाळांत शुक्रवारचा दिवस वेगळा धरा, नाहीतर उगाच दोष लागेल.

कार्यक्रम हजेरीवर पैसे किंवा बक्षीस देत असेल तर ही मोजणी टाळताच येत नाही. आकड्याला मोल आलं की आकडा फुगतो. मलावीत मुलींना शाळेसाठी पैसे देण्याच्या प्रयोगात हे उघड दिसलं. एका गटाला हजेरीच्या अटीवर पैसे, दुसऱ्याला बिनशर्त. मुलींनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवरून बिनशर्त गट कुठेही कमी दिसत नव्हता. शिक्षकांकडून आणि शाळेच्या नोंदींतून पडताळणी केली तेव्हा अट असलेल्या गटाची शाळा जास्त टिकली होती. ज्याला विचारतो त्याचं उत्तरात काय अडकलं आहे, हे आधी बघायचं.

पटावरची नावं कमी केली की टक्का वाढतो म्हणतात, ते कसं?

पट चाळीसचा. पस्तीस मुलं सरासरी ८० टक्के येतात, पाच मुलं येतच नाहीत. वर्गाची हजेरी ७० टक्के. डिसेंबरात त्या पाचांची नावं कमी केली. हजेरी ८० टक्के! एकही जादा मूल वर्गात आलं नाही आणि दहा टक्क्यांची झेप.

म्हणून जूनअखेरची यादी गोठवा आणि वर्षभर भागाकार त्याच यादीने करा. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल तिथे खरंच बसतं का, हे एका फोनवर कळतं. कळलं तर तशी नोंद, नाही कळलं तर 'ठावठिकाणा नाही' असा वेगळा रकाना. हा रकाना ज्या अहवालात नाही, त्या अहवालाकडे मी जरा संशयानेच बघतो.

खाड्यांची कारणं कशी शोधायची? सर्वेक्षणात सगळे पालक 'आजारी होता' एवढंच सांगतात.

कारण विचारलं की कारणच मिळतं. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. 'मावशी, मुलगी शाळेत का येत नाही?' याला उत्तर येतं, 'बरं नव्हतं.' 'काल सकाळी उठल्यापासून घरात काय काय झालं?' याला येतं, 'काल पाणी आलं होतं की.' आणि मग सगळं बाहेर पडतं. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी भरायला घरात माणूस लागतं. आई कामावर, भाऊ शाळेत, म्हणून थोरली मुलगी घरी.

हे कारण हजेरीपटातूनही हाती लागतं. पूर्व भागातल्या एखाद्या शाळेचा सातवीचा हजेरीपट घ्या आणि मुलींचे खाडे तारखेनुसार एका ओळीत मांडा. मग त्या वस्तीच्या पाणीवाटपाच्या तारखा खाली लिहा. दोन्ही ओळी एकमेकींशी जुळल्या तर पालक-प्रबोधनाच्या मेळाव्याने काय साधणार? तिथे प्रश्न टाकीचा आणि वेळापत्रकाचा आहे.

विडी कामगारांच्या घरांत दुसरा नमुना दिसतो. पानं आणि तंबाखू घरी आणून आई विड्या वळते, मोजणी हजारावर. पानं कापायला, विडीची तोंडं मुडपायला हाताशी मुलगी असली की आकडा लवकर गाठतो. आई तयार विड्या द्यायला गेली की धाकट्याला सांभाळायलाही तीच. तिचा खाडा बऱ्याचदा पूर्ण दिवसाचा नसतो, ती उशिरा येते किंवा लवकर जाते. दिवसाला एकच खूण करणाऱ्या कागदावर ही मुलगी 'नियमित' असते. टॉवेलच्या कडा शिवण्याचं, दोरे कापण्याचं काम घरी येतं तिथेही असंच चालतं.

मुलग्यांचं निराळं. घरातून दप्तर घेऊन निघतो, शाळेत पोचत नाही. पालकांना ठाऊकच नसतं. पालकांना निरोप पाठवण्याचा कार्यक्रम इथे चालू शकतो. मुलगी पालकांनीच घरी ठेवली असेल तर तोच निरोप पाठवून काय नवं सांगणार?

आणखी एक कारण पालकही सांगत नाहीत आणि शिक्षकही. पाचवीत बसून दुसरीचं पुस्तक वाचता न येणारं मूल वर्गात रोज खाली मान घालून बसतं. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, असं असेल तर आणखीच. ते मूल शाळा टाळतं. त्याला हजेरीचं बक्षीस नको, वाचायला शिकवणारं कुणीतरी हवं.

मूल्यमापन करणाऱ्याने कारणांत का पडायचं, असं विचारतात. कारण कार्यक्रम ज्या खाड्यांवर चालतो, ते खाडे तुमच्या शाळेत किती आहेत हे ठाऊक नसेल, तर 'परिणाम शून्य' याचा अर्थच लावता येत नाही. औषध निकामी होतं की रोगच दुसरा होता?

तुलनेसाठी दुसरी शाळा कशी निवडायची?

जवळची किंवा ओळखीच्या मुख्याध्यापकांची म्हणून नको. माध्यम तेच, वस्ती त्याच प्रकारची, इयत्ता त्याच आणि मागच्या दोन वर्षांची महिनेवार हजेरी साधारण तशीच चढत-उतरत गेलेली, अशी शाळा शोधा. पातळी थोडी वेगळी असली तरी चालते. चाल सारखी हवी.

मग हिशेब असा. तुमच्या शाळेत हजेरी ६८ वरून ७७ झाली, वाढ ९ अंकांची. तुलनेच्या शाळेत काहीही न करता ७० ची ७५ झाली, वाढ ५ अंकांची. तुमच्या कार्यक्रमाच्या वाट्याला ४ येतात. चार म्हणजे कमी नाहीत, पण नऊ नक्कीच नाहीत.

एकाच शाळेतल्या 'अ' आणि 'ब' तुकडीची तुलना शक्यतो टाळा. भावंडं असतात, मित्र असतात, आणि 'ब' तुकडीच्या बाईही चांगली कल्पना उचलतातच. केनियात पंचाहत्तर शाळांत जंतनाशक गोळ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झालेला दिसला, कारण आजूबाजूचा संसर्गच घटला. शाळेतल्या शाळेत तुलना केली असती तर परिणाम प्रत्यक्षाहून लहान दिसला असता.

चिठ्ठ्या टाकून शाळा निवडायच्या म्हणे. गरज असलेल्या शाळेला डावलणं हा अन्याय नाही का?

पैसे सगळ्यांना पुरणारे असतील तर अन्याय आहे. पण ते पुरणारे नसतातच. साठ शाळा पात्र आणि निधी तीसपुरता, अशा वेळी निवड कुणीतरी करणारच: ओळखीने, रस्त्यालगतची म्हणून, नाहीतर चिठ्ठीने. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के प्रवेशाची सोडत पालकांनी स्वीकारली आहे, इथेही तेच तत्त्व. उरलेल्या तीस शाळांना पुढच्या वर्षी घ्यायचं आणि तोवर त्यांचे आकडे तुलनेला वापरायचे. मेक्सिकोने १९९७ मध्ये मुलांच्या शाळेसाठी कुटुंबांना पैसे देण्याची योजना काढली तेव्हा ५०६ वस्त्यांपैकी काही आधी आणि काही नंतर घेतल्या, निवड चिठ्ठीनेच. त्या एका निर्णयामुळे योजनेचा परिणाम, विशेषतः माध्यमिक वयाच्या मुलींवरचा, निर्विवादपणे मांडता आला.

सर्वांत गरजू शाळा आधीच घ्यायच्या असतील तर घ्या आणि चिठ्ठ्या उरलेल्यांत टाका.

किती शाळा घ्याव्या लागतील? आमच्याकडे ४०० मुलं आहेत, पुरतील ना?

मुलं किती यापेक्षा ती किती शाळांत विखुरली आहेत, ते महत्त्वाचं. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच मुख्याध्यापक, तोच रस्ता, त्याच तारखेला पाणी. दहा शाळांत प्रत्येकी चाळीस मुलं घेतली आणि हजेरीतल्या एकूण फरकाचा दहावा हिस्सा शाळेशाळेतल्या फरकामुळे असेल, तर माहितीच्या दृष्टीने ती चारशे मुलं सुमारे ब्याऐंशी मुलांइतकीच भरतात. चाळीस शाळांत दहा-दहा घेतली तर तीच चारशे दोनशेच्या वर भरतात. थोड्या शाळांतली जास्त मुलं मोजण्यापेक्षा जास्त शाळांतली थोडी मोजा. फिरणं वाढतं, खरं आहे. अक्कलकोट ते करमाळा हे अंतर काही बोलण्याइतकं सोपं नाही.

आमची एकच शाळा आहे. मग सोडून द्यायचं का?

नाही. मागच्या तीन वर्षांची आठवडेवार हजेरी काढा आणि आलेख मांडा. जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा. कार्यक्रम सुरू झाला तिथे रेषा वळते का आणि वळून टिकते का, हे बघा. अहवालात 'कार्यक्रमामुळे' लिहू नका, 'कार्यक्रमाच्या काळात' लिहा.

कुठले उपाय चालतात, हे आधीच सिद्ध झालेलं नाही का?

थोडंफार झालं आहे आणि त्यातून उपयोगाच्या काही गोष्टी मिळतात.

शिजवलेलं जेवण: सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर कोरड्या धान्याऐवजी शाळेत जेवण मिळू लागलं. मध्य प्रदेशातल्या अभ्यासात पहिलीच्या मुलींची हजेरी १२ अंकांहून जास्त वाढलेली आढळली. मोठ्या वर्गांत तसं ठळक काही दिसलं नाही. खिचडीमुळे लहान मुलं येतात. आठवीच्या मुलाला ओढायला दुसरं काही लागतं.

सायकल: बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. मुलींची तुलना मुलांशी आणि बिहारची शेजारच्या झारखंडशी करून काढलेला निष्कर्ष असा, की माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्या, आणि शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त होता. लक्षात घ्या, हा आकडा दाखल होण्याचा आहे, रोजच्या हजेरीचा नव्हे.

पालकांना पत्र: अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या २८ हजारांवर कुटुंबांना टपालाने पत्रं गेली, त्यांत मुलाचे आजवरचे खाडे लिहिलेले. सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्के किंवा अधिक घटलं आणि खर्च अगदी किरकोळ. आईवडिलांना आपल्या मुलाचे खाडे नेहमी कमीच वाटतात, हे त्यामागचं गमक. आपल्याकडे हे करायचं तर पत्र कोणत्या भाषेत, आणि घरात वाचणारं कोण, इथून सुरुवात करावी लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप कदाचित बरा पडेल, पण तेही तपासूनच ठरवायचं.

सगळ्यांना पटलेली गोष्ट फसते, याचं उदाहरण नेपाळचं. पाळीमुळे मुली शाळा बुडवतात असं धरून चितवनमध्ये मुलींना मासिक पाळीचे कप दिले. मुलींनी ते आनंदाने वापरले. हजेरीत मात्र फरक पडला नाही, कारण मोजल्यावर कळलं की पाळीमुळे बुडणारे दिवस वर्षाला अर्ध्या दिवसाहूनही कमी होते. स्वच्छतेची सोय मुलींच्या हक्काचीच आहे, ती द्यायलाच हवी. पण ती हजेरीच्या नावावर विकू नये. शिवाय नेपाळचं ते सोलापूरचं असेलच असं नाही, तेही मोजावंच लागेल.

२०१२ मध्ये खाडेबहाद्दरांसाठीच्या कार्यक्रमांचे २८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, बहुतेक अमेरिकेतले. सरासरी फायदा साडेचार-पावणेपाच दिवसांचा निघाला, आणि त्यानंतरही मुलांचे खाडे जास्तच होते. चार संस्था मिळून केलेला भव्य कार्यक्रम एका शाळेच्या साध्या कार्यक्रमापेक्षा सरस ठरला असंही नाही. उद्‌घाटनाचे फलक छापताना हे ध्यानात असावं.

उपस्थिती भत्ता किंवा बक्षीस दिलं तर?

भत्ता आपल्या राज्याला नवा नाही. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या प्राथमिक शाळेच्या मुलींसाठी १९९२ साली तो सुरू झाला तेव्हा दिवसाला १ रुपया होता. विडीच्या मजुरीसमोर तो रुपया तेव्हा काय होता आणि आज काय आहे, हा हिशेब अशा प्रत्येक योजनेच्या मूल्यमापनात हवा. घरी राहून मूल जे कमावतं किंवा आईचं जेवढं काम हलकं करतं, त्याच्याशी रकमेची तुलना करा.

बक्षिसाबाबत मी सावध आहे. शंभर टक्के हजेरीची ढाल त्याच मुलाला मिळते, जे तसंही आलं असतं. आणि ज्याचा जुलैतच एक खाडा पडला, त्याला वर्षभर प्रयत्न करायचं कारणच उरत नाही. अमेरिकेत पंधरा हजारांवर विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, मागच्या चांगल्या हजेरीबद्दल अचानक बक्षीस मिळालेली मुलं पुढे उलट थोडी जास्तच गैरहजर राहिली. द्यायचंच असेल तर महिन्या-महिन्याला पाटी कोरी करा आणि स्वतःच्याच मागच्या महिन्याशी तुलना ठेवा.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं काय करायचं? त्यांनी सगळे आकडे बिघडतात.

आकडे बिघडत नाहीत, तेच आकडे आहेत. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची गर्दी. हंगामात बीडकडून आणि बाकी मराठवाड्यातून टोळ्या इथे येतात, आणि आपल्याकडचीही काही कुटुंबं बाहेर जातात. आलेलं मूल इथल्या पटावर नसतं, गेलेलं मूल इथल्या पटावर गैरहजर असतं. शाळा धरून मोजलं तर दोन्ही निसटतात. मूल धरून मोजा: ऑक्टोबर ते एप्रिल या काळात हे मूल कुठल्याही शाळेत, साखरशाळेत (ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची हंगामी शाळा) किंवा हंगामी वसतिगृहातून गावच्याच शाळेत किती दिवस बसलं? शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं) दिलं, एवढ्यावर थांबू नका. कार्ड दाखवून दुसऱ्या शाळेत बसलेली मुलं किती, हा आकडा हवा. फडावरून शाळा किती लांब आणि पहाटे आईबाप तोडीला गेल्यावर मुलाला तिथे नेतं कोण, हे दोन रकाने जोडले की बरंच उमगतं.

शिक्षकच वर्गात नसतील तर मुलांना बोल का लावायचा?

रास्त प्रश्न. राजस्थानात उदयपूरजवळच्या एकशिक्षकी अनौपचारिक शाळांत रोजच्या छायाचित्राशी पगार जोडला, तेव्हा शिक्षकांची गैरहजेरी ४२ वरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांच्या शिकण्यातही फरक पडला. आपल्या शाळांत शिक्षक बऱ्याचदा सर्वेक्षण, निवडणूक, प्रशिक्षण यांत अडकलेले असतात. वर्ग किती दिवस खरंच भरला, ही नोंद मुलांच्या हजेरीशेजारीच ठेवा.

पालकांना नोटीस किंवा दंड?

शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. ग्रामसभेत नावं वाचून दाखवणं वगैरे प्रकार तर मूल्यमापनाच्या आधीच थांबवावेत.

खर्च आणि फायदा कसा मांडायचा?

एका जादा हजर दिवसाला किती रुपये, एवढंच. वर उदाहरणात निव्वळ वाढ ४ अंकांची निघाली. ३०० मुलं, २२० दिवस: प्रत्येकी ८.८ दिवस, मिळून २,६४० दिवस. कार्यक्रमावर २,६४,००० रुपये खर्च झाले असतील तर एका दिवसाला १०० रुपये. खर्चात शिक्षकांचा वेळ, फेऱ्यांचं पेट्रोल आणि फुकट मिळालेली जागाही धरा. असा आकडा असला की सायकल, पत्र आणि गृहभेट एका तराजूत घालता येतात.

मुलांची माहिती गोळा करताना काय पथ्यं पाळायची?

अहवालात नाव नको, फोटो नको, 'अमुक गल्लीतली विडी कामगाराची मुलगी' असं ओळखू येणारं वर्णनही नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरताना पालकांची संमती मागितली आहे. गैरहजर मुलांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय मोडा. मूल काम करताना आढळलं तर काय करायचं, हे फिरायला निघण्याआधी ठरवून ठेवा. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची मुभा कायद्यात आहे, धोकादायक कामांत नाही. अर्धवट माहितीवर तक्रार झाली की घरातली रोजी जाते आणि मुलगी शाळेत येतच नाही.

निकाल शून्य आला तर निधी बंद होईल. अहवाल द्यायचा का?

द्यायचा, आणि कशामुळे शून्य तेही लिहायचं. गृहभेटी ठरल्या तेवढ्या झाल्याच नाहीत, की झाल्या पण खाडे पाण्यामुळे होते, की खरंच भेटींनी फरक पडत नाही? तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. मुख्य आकडा कोणता आणि तुलना कुणाशी, हे कार्यक्रम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून निधी देणाऱ्याची सही घेतली असेल, तर नंतरची ओढाताण बरीच टळते. बारा आकड्यांतला एक चांगला उचलून मथळा करण्याचा मोहही मग होत नाही.

कार्यक्रम संपल्यावर किती दिवस मोजत राहायचं?

निदान पुढचं एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, म्हणजे एक गळीत हंगाम आणि एक गड्डा त्यात येईल. कार्यकर्ते गेल्यावरही टिकणारा फरकच खरा धरावा. सातवी-आठवीच्या मुलांवर विशेष नजर हवी, कारण शाळा बदलताना, दाखला एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, मुलं गळतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट: वर्ष संपायच्या आत, मुख्याध्यापकांच्या परवानगीने हजेरीपटाची प्रत काढून ठेवा. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं, आणि जूनमध्ये जुना हजेरीपट कुठल्या कपाटात गेला हे शिपाईमामांनाच ठाऊक असतं.